मुका लॅपटॉप आणि आमचे टॅली क्लार्क

मी आंधळी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हळहळत बसायला नको. हळहळणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. काचबिंदूने माझे दोन्ही डोळे हळूहळू नेले. शेवटची दोन वर्षं मी पनवेलच्या शाळेत फळ्याला नाक लावून मराठी शिकवत होते, आणि पोरं इतकी गुणी, की ओळ तिरकी खाली घसरली तर पुढच्या बाकावरून हळूच "बाई, वर" म्हणायची. मग एके दिवशी सहावीच्या वर्गाऐवजी मी मुलांच्या मुतारीत शिरले. आत दोन पोरं होती. ती हसली असती तर चाललं असतं, पण ती हसली नाहीत. एकाने माझा हात धरून मला वर्गापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. शाल, श्रीफळ, भाषणं झाली, आणि मी घरी येऊन खिडकीशी बसले ती चार वर्षं बसले.

खिडकीजवळून उठवलं ते पुण्याच्या एका संस्थेने. घरोघरच्या अंध मुलांसाठी ते संगणकावरून मराठी शाळा चालवतात. त्यांनी मला सहा महिने शिकवलं आणि एक वापरलेला लॅपटॉप दिला. त्यात लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी अशी प्रणाली की जिला पैसे लागत नाहीत, पण डोकं लागतं. पडद्यावर जे असेल ते वाचून सांगणारा एक आवाज त्यात बसवलेला होता. सर्दी झालेल्या माणसासारखा बोलायचा तो. मी त्याला घोगऱ्या म्हणायचे. घोगऱ्या बोलला की मला सगळं दिसायचं. पत्र लिहिणं, पुस्तक वाचणं, बँकेची भानगड, सगळं. आणि मुख्य म्हणजे त्या संस्थेने मला बोलावलं होतं नमुना पाठासाठी. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, पाच मुलं, तीस मिनिटं. पाठ आवडला तर शिक्षिका म्हणून घेणार होते. मी पन्नाशी कधीच ओलांडलेली, मुलाखती देण्याचं वय ते नव्हे, पण महिनाभर मी त्या तीस मिनिटांसाठी जगत होते.

बुधवारी सकाळी लॅपटॉप उघडला, बटण दाबलं, आणि घोगऱ्या बोललाच नाही.

वाट पाहिली. पुन्हा बंद करून चालू केला. पंख्याची घरघर बोटांना जाणवत होती, म्हणजे यंत्र जिवंत होतं. पण आवाज नाही. डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याची गाणी जातात. माझा गेला तर पडदाच जातो, आणि पडदा गेला तर उद्याचा पाठ जातो. आणि घाबरले की मी जे नेहमी करते तेच केलं: नवऱ्यावर ओरडले.

"अहो! सकाळी तुम्ही याला हात लावलात ना? काय केलंत?"

"मी? मी फकस्त वारा आयकला," हे स्वयंपाकघरातून म्हणाले.

वारा ऐकला म्हणजे समुद्राचं हवामान. आमचे हे करंज्याचे. घराणं दर्यावरचं, दोघे भाऊ अजून मासेमारीला जातात, पण ह्यांना लहानपणापासून बोट लागायची. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हणून अख्खं करंजा हसलं असेल. मग हे बंदरावर टॅली क्लार्क झाले. जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरवरचा नंबर वाचायचा, मोठ्याने बोलायचा आणि कागदावरच्या नंबराशी ताडून बघायचा, हे काम. चार अक्षरं, सात आकडे, तीस वर्षं. भाऊ पाण्यात असतात म्हणून रोज सकाळी हे वाऱ्याचा अंदाज ऐकतात. त्यासाठी मी लॅपटॉपमध्ये ह्यांचं वेगळं खातं काढून दिलं होतं. माझ्या खात्याचं नाव 'शाळा', ह्यांच्या खात्याचं 'पाहुणा'. माझे कागद ह्यांच्याकडून पुसले जाऊ नयेत म्हणून ह्यांना माझ्या खात्यात डोकावता येणार नाही अशी तजवीजही केली होती. मी फार हुशार बाई आहे असं तेव्हा मला वाटलं होतं.

"फक्त वारा ऐकलात तर मग आवाज गेला कसा?"

"माज्यात तर वाजतंय गो. बग." ह्यांनी खातं बदललं, आणि त्याच मुक्या लॅपटॉपमधून एक बाई ठणठणीत आवाजात सांगू लागली की उत्तर कोकण किनाऱ्यावर वारे मध्यम राहतील.

माझा जळफळाट झाला. घर माझं, आणि वाजतंय पाहुण्याकडे.

मी पुण्याच्या सरांना फोन लावला. संस्थेत आम्हाला संगणक शिकवणारे हे सर स्वतः जन्मांध. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "ताई, एका खात्यात आवाज येतो, दुसऱ्यात नाही, म्हणजे स्पीकर बरा आहे. गोंधळ परवानगीचा आहे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीचा कुणीतरी मालक असतो. आवाजाच्या फाइलीवर मालक चुकीचा बसला असेल, तर तुमच्याच घरात तुम्हाला ती उघडता येणार नाही. शोधायला पाहिजे."

"मी ह्यांच्या खात्यातून पाठ घेऊ का?" मी विचारलं.

"घ्या की. पण तुमचे कागद तिथे उघडतील?"

उघडणार नव्हते. कुलूप मीच लावलं होतं. घोगऱ्याही फक्त माझ्याच खात्यात बसवलेला होता.

"यजमानांना पडदा दिसतो ना?"

"दिसतो. पण इंग्रजी त्यांना फक्त मोठ्या लिपीतलं येतं. कंटेनरवर छोटी अक्षरं नसतात."

सरांनी गोळाबेरीज केली. "म्हणजे मला दिसत नाही, तुम्हाला ऐकू येत नाही, आणि त्यांना वाचता येत नाही. उत्तम. सुरू करूया."

पद्धत अशी ठरली: सर फोनवरून आज्ञा सांगणार, मी ती टाइप करणार, पडद्यावर काय उमटलं ते हे वाचणार. कळफलकावर माझी बोटं न बघता चालतात, तो प्रश्न नव्हता. पण ह्यांचं वाचन म्हणजे देवा रे देवा. "एक काठी हाय. मग गळ हाय, उलटा. मग वाटोळा, त्याला शेपटी." शेपटी डावीकडे का उजवीकडे, वर का खाली, यावर पाच मिनिटं. सर तिकडे हसू दाबतायत हे मला ऐकू येत होतं, आणि मला हसू येत नव्हतं.

मग पासवर्डाची पाळी आली. लिनक्समध्ये 'सुडो' म्हणून एक शब्द आहे. कुठल्याही आज्ञेच्या आधी सुडो लावला की संगणक पासवर्ड मागतो, आणि तो बरोबर असेल तर मुख्याध्यापकांचा हुकूम असल्यासारखं काहीही निमूट ऐकतो. मी सुडो लावला, तर म्हणे अशी आज्ञाच नाही. पुन्हा लावला, तेच. खातं बंद करून पुन्हा आत शिरायला गेले, तर माझाच पासवर्ड चुकीचा. तीनदा टाकला, तीनदा चूक. ज्या पासवर्डाने मी काल आत शिरले होते तो आज मला ओळखत नव्हता.

"तुम्ही मध्ये मध्ये काही दाबताय का?" मी ओरडले.

"नाय गो."

"मग काय मला टाइप करता येत नाही? नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं. वाचता येत नाही म्हणून उगाच..."

फोनमधून सरांनी हळूच विचारलं, "कळफलकावर डावीकडे एखादा बारीक दिवा लागलाय का बघा."

"हाय ना," हे म्हणाले. "तो मीच लावलाय मगाशी."

"कशाला?" मी.

"मोठी एबीसी येवूदे म्हनून. मोठी असली का मना वाचाला येतं."

झालं होतं ते इतकंच. एरवी तो दिवा लागला की घोगऱ्या लगेच सांगतो. आज घोगऱ्या नव्हता, आणि लिनक्सला मोठं अक्षर वेगळं, छोटं वेगळं. ह्यांनी मदत करावी म्हणून जे केलं त्यानेच माझा प्रत्येक शब्द चुकत होता. मला तेव्हा हसायला हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही उठा बघू इथून." हे उठले. सरांचा वर्ग होता, ते म्हणाले, "दोन वाजता पुन्हा फोन करतो, ताई. चिडू नका. अजून अख्खा दिवस आहे."

मी बिछान्यावर जाऊन पडले. मनात नुसता राग होता. ह्यांच्यावर, सरांवर, त्या दोन न हसलेल्या पोरांवरसुद्धा. संस्थेला कळवून टाकावं, म्हटलं, की जमणार नाही. एकदा जाऊन बसलोच आहोत खिडकीशी, तर बसावं. बाहेर शेजारच्या प्लॉटवर पायलिंगचं यंत्र जमिनीत घाव घालत होतं. तिथली जुनी बैठी घरं पाडून टॉवर उठतोय, गेले तीन महिने दिवसभर धाड धाड. त्या धाडधाडीतच मला कधीतरी डुलकी लागली.

उठले तेव्हा बैठकीच्या खोलीतून टक टक ऐकू येत होतं. एक कळ, मग थांबणं, मग कागदावर पेन. पुन्हा एक कळ, थांबणं, पेन.

"काय चाललंय?"

"टॅली," हे म्हणाले.

कळांवरची अक्षरं मोठी असतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ह्यांच्या आलं. ह्यांनी स्वतःचं खातं उघडलं होतं. मोठ्या ए-ची कळ दाबायची, पडद्यावर जे छोटं चित्र उमटेल ते कागदावर मोठ्या ए-समोर काढायचं. मग बी. मग सी. अशी सव्वीसच्या सव्वीस. बंदरावर नवीन कंपनीची खूण आली की असंच करायचे म्हणे. दीड तासात ह्यांनी स्वतःला इंग्रजीची छोटी लिपी शिकवली होती. सत्तावीस वर्षं मी पोरांना अक्षरं शिकवली, घरातल्या माणसाला शिकवावीत असं एकदाही सुचलं नव्हतं. मला लाज वाटली.

"आनि हे बग," हे म्हणाले. "मी तुजा तो सुडो पन लावून बगितला. माज्या खात्यात. त्यानं काय लिवलंय, वाचू?" आणि कागदाशी ताडत, एकेक अक्षर बोलत, ह्यांनी अख्खी ओळ वाचली. एकही अक्षर चुकलं नाही. "म्हंजे काय बोल्ला तो?"

अर्थ मला सांगावा लागला. "म्हणतोय, पाहुणा परवानगीच्या यादीत नाही. आणि ह्या प्रकाराची तक्रार केली जाईल."

"कुनाकडं?"

"माझ्याकडे."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं, टक्. मग म्हणाले, "यादीत नाय. बरं." एवढंच. मला हे भांडले असते तर बरं वाटलं असतं. खात्याचं नाव ठेवताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, पण आता ह्यांना 'पाहुणा' वाचून दाखवताना ते नाव मलाच टोचलं.

दोनला सरांचा फोन आला. या खेपेला दिवा विझलेला, पासवर्ड बरोबर. सरांनी सांगितलं की माझ्या खात्यातल्या सेटिंगच्या फाइलींची यादी काढा, मालकाच्या नावासकट. मी टाइप केलं. पडद्यावर वीस-पंचवीस ओळींची रांग आली असावी.

"वाचा हो एकेक," मी म्हटलं.

"एकेक कनाला?" हे म्हणाले. आवाज एकदम बदलला होता. बंदरावरचा असावा तो. मी कधी ऐकला नव्हता. "सगळ्या डब्यांवर नाव शाळा. शाळा शाळा, शाळा शाळा. पार खालपावत. मधी एकच डबा दुसऱ्याचा हाय."

डबा म्हणजे ह्यांच्या भाषेत कंटेनर. "दुसरा कोण?" फोनमधून सर एकदम पुढे सरसावल्यासारखे म्हणाले.

"आर, ओ, ओ, टी."

"रूट!" सर ओरडलेच. "सापडला. तीच आवाजाची फाइल. रूट म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. फाइल त्याच्या नावावर गेलीय, म्हणून तुमच्या खात्याला तिला हात लावता येत नाही. पण ती आपोआप जात नाही तिकडे. त्या ओळीत वेळ काय आहे, दादा?"

"काल. अठरा बेचाळीस." आकडे ह्यांना कुणी शिकवायला नको. "पावनेसात. तवा मी घरात नव्हतो. मी मच्छी आनाला गेलतो."

खरं होतं. हे बाजारात गेले होते, मी एकटी होते. पायलिंग चालू होतं, घोगऱ्याचं बोलणं त्यात बुडत होतं, परवाच्या पाठाची तयारी होईना. आवाज शंभर टक्क्यांच्या वर जाईना. मी वैतागले, आणि आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम सुडो लावून उघडला. ऐकत नाही म्हणजे काय, असं म्हणत. त्याने ऐकलं. आवाज वाढला, मी खूश झाले. पण सर्वाधिकाऱ्याच्या नावाने उघडलं म्हणून फाइलही त्याच्याच नावावर लागली. जोवर यंत्र चालू होतं तोवर निभावलं; सकाळी नव्याने सुरू झालं आणि माझ्यासाठी दार बंद.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. सर तिकडे पुण्यात होते आणि ह्यांना लिनक्समधलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण सकाळपासून ह्या माणसावर ओरडत होते मी. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

"मी केलं," मी म्हटलं. "काल संध्याकाळी. आवाज वाढवायला सुडो लावला. चूक माझी आहे हो. तुमची नव्हती."

"बरं," हे म्हणाले. "आता दुरुस्त कर, मग रड."

मी रडत नव्हते. म्हणजे फार नव्हते.

सरांनी मालकी बदलायची आज्ञा सांगितली, लांबलचक. मी एकेक अक्षर टाइप केलं. एन्टर मारायच्या आधी ह्यांनी पूर्ण ओळ डावीकडून उजवीकडे आणि मग उजवीकडून डावीकडे वाचली. टॅलीत नंबर उलटाही वाचतात, म्हणजे डोळा फसत नाही. "बरोबर हाय. मार." मी मारलं. "आता रांग बगू." मी पुन्हा यादी काढली. "शाळा शाळा," हे खाली खाली वाचत गेले, "शाळा शाळा. सगळी तुजी."

लॅपटॉप बंद केला, चालू केला. आम्ही तिघं, दोन घरांत, श्वास धरून बसलो. आणि मग घोगऱ्या इतक्या जोरात बोलला की ह्यांच्या हातातला कागद खाली पडला. आदल्या दिवशी मी वाढवलेला आवाज तसाच होता ना. तिकडे सर खदखदून हसत सुटले, इकडे हे, आणि मग मीही.

फोन ठेवायच्या आधी मी सरांना म्हटलं, "ह्यांचं नाव त्या परवानगीच्या यादीत घालायचं आहे. आणि खात्याचं नावही बदलायचंय."

"ताई, सुडो हाती आला की माणूस काहीही उलथंपालथं करू शकतो. विचार करा."

"ती उलथापालथ मी कालच केलीय," मी म्हटलं. ह्यांनी नव्या खात्याचं नाव स्वतः टाइप केलं: 'करंजा'. सगळं छोट्या लिपीत.

गुरुवारी अकराला मी हेडफोन लावून बसले. पुण्याहून तपासणाऱ्या बाई होत्या, आणि पाच मुलं जोडली जाणार होती. धडा मीच बांधला होता: आपल्या घराचा वास. डोळस लेखक घराचं वर्णन करतो तेव्हा भिंतीचा रंग सांगतो. आपण काय सांगायचं? चार मुलं आली. एकाने सांगितलं की त्यांच्या घराला त्याच्या वडिलांच्या गॅरेजच्या ऑइलचा वास येतो आणि आई त्यावरून रोज भांडते. सगळे हसले. धडा पळायला लागला. मला कळलं की मी शिकवणं विसरलेले नाही.

पाचवी होती आपटा गावची एक मुलगी. जोडली गेली होती, पण तिचा आवाज येत नव्हता. "बोल गं," मी दोनदा म्हटलं. काही नाही.

"ताई, तिला राहू द्या," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "तिच्याकडे असं होतं. ती ऐकतेय, नंतर रेकॉर्डिंगही मिळेल. तुमची बारा मिनिटं झालीत."

राहिली होती अठरा. त्यात अजून अर्ध्याहून जास्त धडा बसवायचा होता, आणि ज्याच्यासाठी महिना घालवला तो शेवटचा भाग तर अजून दूर होता. शहाणी बाई पुढे गेली असती. पण ती पोर तिकडे हेडफोन लावून बसलेली, सगळ्यांचं हसणं ऐकतेय, आणि तिचं तोंड बंद. आदल्या दिवशी सकाळी मी कशी बसले होते ते माझ्या अंगाला अजून चिकटलेलं होतं. मला पुढे जाता येईना.

"बाळ, ऐकू येतंय ना? येत असेल तर हात वर करायचं बटण दाब."

टिंग, अशी घंटी वाजली.

"शाब्बास. आता मी विचारीन. हो असेल तर एकदा घंटी, नाही तर दोनदा. तुझ्या लॅपटॉपचा आवाज माइकबद्दल काही विचारून थांबलाय का?"

टिंग.

"परवानगी द्यायची का, असं?"

टिंग. मग लगेच दुसरी टिंग. खात्री नव्हती तिला. मग आम्ही दोघींनी त्या घंटीवर एकेक पायरी उतरायला घेतली: कुठली कळ, किती वेळा, आता काय म्हणतोय. बाकीची चार मुलं इतकी गप्प होती की कुणाच्या तरी घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. एकदा चुकलं, परत वर गेलो. मिनिटं जात होती हे मला पुरतं माहीत होतं, आणि भीतीही वाटत होती. पण थांबावंसं वाटत नव्हतं.

"बाई?" एक बारीक आवाज आला. "बाई, मी येतेय का ऐकू?"

"येतेस गं. स्पष्ट येतेस. सांग, तुझ्या घराला कसला वास येतो?"

"आमच्या घराला नदीचा येतो," ती म्हणाली. "पाताळगंगेचा. आणि पूर येणार असला की तो बदलतो. आजोबा खिडकीतून बघतात पाणी चढलं का. पण त्यांच्या आधी मला कळतं." मग ती थांबलीच नाही. कधीपासूनचं साठलेलं बोलली असावी. गॅरेजवाल्या पोराने तिला विचारलं, बदलतो म्हणजे कसा, आणि तिने सांगितलं, आधी चिखलासारखा आणि मग लोखंडासारखा. अकरा वाजून तीस मिनिटं झाली तेव्हा ती अजून सांगत होती.

मुलं गेली. वर्गात तपासणाऱ्या बाई आणि मी उरलो.

"ताई, धडा अपुरा राहिला," त्या म्हणाल्या.

"राहिला," मी म्हटलं. कारणं द्यायची नाहीत असं मी ठरवलं होतं.

"ती मुलगी आमच्याकडे जूनपासून आहे. आज पहिल्यांदा बोलली." तिकडे कळा वाजल्या. "राहिलेला धडा सोमवारी पूर्ण करा. दहा वाजता. वर्ग तुमचा."

मी हेडफोन काढला आणि रडायला लागले. चार वर्षांत रडले नव्हते असं नाही, पण ते न्हाणीघरात, नळ सोडून. आज बैठकीच्या खोलीत भर सकाळी मोठ्याने रडले. हे धावत आले.

"काय झायला? नाय बोलले?"

"नाही, घेतलं."

"मग रडतेस कनाला गो?"

"सोमवारी पहिला तास माझा आहे," मी म्हटलं.